हिंदू कॉलेजातील दोन अध्यापक

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना शेऱ्याचे सामर्थ्य समजावून सांगावयास नको. वरिष्ठाने दोन ओळी लिहाव्या, त्या दप्तरात बांधल्या जाव्या, आणि लिहिणारा व ज्याच्याविषयी लिहिले तो असे दोघेही काळाआड गेल्यावर त्या दोन ओळींनीच मागे राहून बोलावे, हा प्रकार आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. अध्यापकाच्या बाबतीत मात्र दप्तराला एक प्रतिस्पर्धी असतो. तो म्हणजे शिष्यांची आठवण. दप्तर एका सुरात बोलते. शिष्यांचे सूर अनेक असतात आणि पुष्कळदा ते एकमेकांशी जुळत नाहीत. मग इतिहास लिहिणाऱ्याने कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजाचा इतिहास वाचताना. त्या संस्थेत एकामागून एक असे दोन इंग्रजी साहित्याचे अध्यापक होऊन गेले. दोघेही कवी, दोघेही विद्यार्थ्यांना वेड लावणारे, आणि दोघांनाही संस्थेतून अप्रिय रीतीने बाहेर पडावे लागले. त्यांच्याविषयी त्यांच्या शिष्यांची मते काय होती, आणि ती एकमेकांहून निराळी का होती, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

हिंदू कॉलेज २० जानेवारी १८१७ रोजी उघडले. डेव्हिड हेअर हे घड्याळांचा धंदा करणारे स्कॉटिश गृहस्थ, सरन्यायाधीश सर एडवर्ड हाइड ईस्ट आणि कलकत्त्यातील धनिक हिंदू मंडळी यांच्या खटपटीतून ते उभे राहिले. मुलांना इंग्रजी विद्या मिळावी, पण घरचा धर्म सुटू नये, अशी या पालकांची इच्छा होती. तीत गैर काही नव्हते. या दोन गोष्टी एका वर्गात किती काळ शेजारी नांदतील, याचा अंदाज मात्र कोणासच नव्हता. कलकत्त्यास काय किंवा मुंबईस काय, विद्यापीठे स्थापन झाली ती १८५७ साली. म्हणजे आम्ही सांगत आहोत ती हकीकत विद्यापीठांच्याही पूर्वीची आहे.

१८२६ साली या कॉलेजात हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ नावाचा सतरा वर्षांचा तरुण शिक्षक म्हणून रुजू झाला. त्यांचा जन्म कलकत्त्याचाच, १८ एप्रिल १८०९ चा. घराणे पोर्तुगीज वंशाचे, युरेशियन. ड्रमंड नावाच्या स्कॉटिश शिक्षकाच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि तेही चौदाव्या वर्षी संपले. पुढे काही दिवस कारकुनी, काही दिवस भागलपूरकडे नातलगाच्या निळीच्या कारखान्यात, असे करीत ते कॉलेजात आले. प्राध्यापक ही पदवी त्यांना कधी मिळाली नाही. इंग्रजी साहित्य व इतिहास शिकविणारे एक दुय्यम शिक्षक एवढाच त्यांचा दर्जा. १८२७ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला. त्यांच्या वर्गातील कित्येक मुले वयाने त्यांच्याहून चारपाच वर्षांनीच लहान होती.

डिरोझिओ वर्गात काय शिकवीत यापेक्षा वर्गाबाहेर काय करीत, यानेच पुढे गहजब झाला. १८२८ च्या सुमारास त्यांनी 'ॲकॅडेमिक असोसिएशन' नावाची वादसभा काढली. माणिकतल्याच्या एका बागेत तिच्या बैठका होत. दैव आणि पुरुषार्थ, श्रद्धा आणि प्रमाण, सद्गुण आणि दुर्गुण, मूर्तिपूजा असे विषय तेथे निघत. हेअरसाहेब स्वतः जाऊन बसत. मुले घरी गेली म्हणजे तेच प्रश्न वडिलांना विचारीत. ज्या घरात वडिलांना प्रश्न विचारण्याचीच चाल नव्हती, तेथे त्या प्रश्नांचा आवाज किती मोठा झाला असेल याची कल्पना करता येते.

२३ एप्रिल १८३१ रोजी कॉलेजाच्या व्यवस्थापक मंडळाची बैठक भरली. राधाकांत देव, रामकमल सेन, प्रसन्नकुमार ठाकूर अशी शहरातील वजनदार मंडळी तीत होती. हेअर आणि संस्कृतज्ञ होरेस हेमन विल्सन हे दोघे युरोपीय सभासद. डिरोझिओ मुलांना शिकविण्यास अपात्र आहेत असे ठाम म्हणण्यास सर्व सभासद तयार नव्हते. तेव्हा दुसरा प्रश्न मांडण्यात आला : हिंदू समाजाच्या सध्याच्या भावना पाहता त्यांना काढून टाकणे इष्ट आहे की नाही? येथे मात्र बहुमत सहज झाले. हिंदूंच्या भावनांचा प्रश्न म्हणून विल्सन व हेअर यांनी मत दिले नाही. ज्यांच्यावर आरोप होते त्या शिक्षकास बैठकीपुढे बोलावण्यात आले नाही, आणि एकाही विद्यार्थ्यास काही विचारण्यात आले नाही. डिरोझिओंनी २५ एप्रिलला राजीनामा दिला आणि आपली बाजू ऐकून न घेता आपणांस दूर करण्यात आले, हे त्यात स्पष्ट नमूद केले.

विल्सन यांनी मागाहून खाजगी पत्राने त्यांना तीन प्रश्न विचारले. ईश्वर आहे असे तुम्ही मानता काय? आईबापांविषयी आदर हे नैतिक कर्तव्य नव्हे असे तुम्ही शिकविता काय? बहीणभावांच्या विवाहात गैर काही नाही असे तुमचे मत आहे काय? डिरोझिओंचे उत्तर उपलब्ध आहे आणि ते कोणाही अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. तिसरा आरोप त्यांनी मूर्खपणाचा म्हणून झटकून टाकला. पहिल्याविषयी त्यांनी सांगितले की, ईश्वराच्या अस्तित्वाविषयी ह्यूमने घेतलेल्या शंका आपण मुलांपुढे मांडल्या हे खरे, पण रीड व ड्युगल्ड स्ट्युअर्ट यांनी त्यांना दिलेली उत्तरेही मांडली. एकच बाजू सांगून मुलांची मने बंदिस्त करणे आपणांस मान्य नाही. दुसऱ्याविषयी त्यांनी उदाहरणेच दिली. दक्षिणारंजन मुखोपाध्याय घर सोडण्याच्या विचारात होते तेव्हा आपण त्यांना त्यापासून परावृत्त केले होते. दुसऱ्या एका शिष्याने वडिलांचा अपमान केला तेव्हा क्षमा मागितल्याखेरीज त्याच्याशी संबंध ठेवावयाचा नाही, असे आपण त्याला बजावले होते.

यानंतर डिरोझिओ फार दिवस जगले नाहीत. २६ डिसेंबर १८३१ रोजी पटकीने त्यांचा अंत झाला. वय अवघे बावीस. शेवटच्या दुखण्यात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत शिष्यच होते. कलकत्त्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

येथवर दप्तर झाले. आता शिष्यांकडे वळू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शिष्यांची साक्ष फार उशिरा लिहिली गेली. प्यारीचाँद मित्र यांनी डेव्हिड हेअर यांच्या इंग्रजी चरित्रात गुरूविषयी लिहिले ते १८७७ साली. डिरोझिओंचे चरित्र टॉमस एडवर्ड्स यांनी प्रसिद्ध केले ते १८८४ साली, म्हणजे मृत्यूनंतर अर्धे शतक उलटल्यावर. तोपर्यंत रसिककृष्ण मल्लिक, रामगोपाल घोष, हरचंद्र घोष, राधानाथ शिकदार हे प्रमुख शिष्य दिवंगत झाले होते. उरलेल्या म्हाताऱ्यांनी आपल्या सतराअठराव्या वर्षीच्या गुरूविषयी सांगावे, यात प्रेमाचा रंग थोडा गडद होणारच. म्हणून त्यांच्या शब्दांबरोबर त्यांची आयुष्येही पाहिली पाहिजेत. आयुष्याला असा रंग मागाहून देता येत नाही.

आरोप असा होता की हा मनुष्य मुलांना नास्तिक करतो. कृष्णमोहन बंदोपाध्याय १७ ऑक्टोबर १८३२ रोजी ख्रिस्ती झाले आणि पुढे धर्मोपदेशक म्हणून जगले. रामतनू लाहिरी यांनी १८५१ साली जानवे काढले, पण त्यांच्या ईश्वरनिष्ठेविषयी शत्रूनेही संशय घेतला नाही. शिवचंद्र देव ब्राह्म झाले आणि १८७८ साली साधारण ब्राह्म समाजाच्या उभारणीत पुढे राहिले. प्यारीचाँद मित्र उतारवयात परलोकविद्येकडे व थिऑसफीकडे वळले. एकाच गुरूचे हे शिष्य धर्माच्या बाबतीत चार दिशांना गेले; नास्तिकाचा पंथ त्यांतून निघाला नाही. गुरूने आपणांस कोठे पोहोचविले याविषयी त्यांच्यात एकमत होणे शक्यच नव्हते. कृष्णमोहनांच्या दृष्टीने डिरोझिओंची शिकवण ही अर्धी वाट होती, तर इतर कित्येकांना तीच पुरेशी शिदोरी वाटली.

तथापि या भिन्न मतांत एक गोष्ट सर्वत्र आढळते. गुरूने आम्हांस स्वतः विचार करावयास आणि सत्यास धरून राहावयास शिकविले, असे प्यारीचाँद लिहितात. कॉलेजाच्या कचेरीतील हरमोहन चट्टोपाध्याय हे तर शिष्यही नव्हते. त्यांनी लिहून ठेवले आहे की, प्रार्थना म्हणावयास सांगितली असता ही मुले होमरच्या ओळी म्हणत. आणि त्यांनीच असेही लिहिले आहे की, अमुक मुलगा कॉलेजातला आहे, तेव्हा तो खोटे बोलणार नाही, अशी त्या काळी लोकांत म्हणच पडली होती. एकाच लेखणीतून उतरलेली ही निंदा आणि ही स्तुती आम्हांस फार मोलाची वाटते. निव्वळ भक्ताने पहिले वाक्य लिहिले नसते. निव्वळ निंदकाने दुसरे.

या सचोटीची कसोटी पुढे नोकरीत लागली. १८३३ च्या कायद्याने डेप्युटी कलेक्टरची जागा हिंदी माणसास खुली झाली, आणि डिरोझिओंचे कित्येक शिष्य त्या जागांवर गेले. रसिककृष्ण मल्लिक हे त्यांतले एक. तरुणपणी न्यायालयात साक्षीसाठी उभे असता, गंगेचे पाणी मी पवित्र मानीत नाही, तेव्हा त्याची शपथ घेणार नाही, असे त्यांनी सांगितले होते. पुढे बर्दवानकडे त्यांनी नेकीने अधिकार चालविला. शिवचंद्र देव बालासोर, मेदिनीपूर येथे डेप्युटी कलेक्टर होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी आपल्या कोन्नगर गावी शाळा उभारली. राधानाथ शिकदार त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यात गणक म्हणून शिरले. पुढे जे शिखर एव्हरेस्ट म्हणून प्रसिद्ध झाले त्याच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १८४३ साली डेहराडूनला खात्याच्या मजुरांना तेथील मॅजिस्ट्रेट वेठीस धरीत असता राधानाथांनी त्यास आडकाठी केली आणि २०० रुपये दंड सोसला. घरापासून शेकडो कोस दूर, परक्या मुलखात, वरिष्ठ जातीच्या अधिकाऱ्यासमोर हमालांची बाजू घेऊन उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी परप्रांतात नोकरी केली आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

याचा अर्थ पालकांचा संताप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणत नाही. २३ ऑगस्ट १८३१ रोजी, कृष्णमोहन घरी नसताना, त्यांच्या मित्रांनी त्यांच्या घरात गोमांस खाऊन हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकली. कृष्णमोहनांना त्यापायी घर सोडावे लागले. स्वतंत्र विचार आणि शेजाऱ्याची विटंबना यांतील भेद त्या तरुणांना त्या दिवशी कळला नाही. गुरू तेव्हा कॉलेजात नव्हते. पण मुलांच्या हाती शस्त्र देणाऱ्याने ते कोठे चालवू नये हेही शिकवावयास हवे, असे जर एखाद्या पालकाने म्हटले असेल, तर त्याला तोडून उत्तर देणे आम्हांस साधणार नाही.

डिरोझिओ गेल्यानंतर चारएक वर्षांनी कॉलेजात साहित्याचे प्राध्यापक म्हणून कॅप्टन डेव्हिड लेस्टर रिचर्डसन आले. बंगालच्या फौजेतून निवृत्त झालेले, नियतकालिके चालविलेले, कविता लिहिणारे असे हे गृहस्थ. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी इंग्रज कवींच्या वेच्यांचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. तो १८४० साली निघाला. ईश्वर आहे की नाही हा प्रश्न त्यांच्या वर्गात निघत नसे. ते शेक्सपिअर वाचून दाखवीत. हिंदुस्थानातील सगळे विसरेन, पण तुमचे शेक्सपिअरचे वाचन विसरणार नाही, अशा अर्थाचे उद्गार मेकॉले यांनी काढले होते, ही आठवण शिष्य राजनारायण बसू यांनी जतन केली आहे.

रिचर्डसन यांच्या शिष्यांत मायकेल मधुसूदन दत्त यांची भक्ती सर्वांत उत्कट. आपणही इंग्रजीत महाकवी व्हावे ही आकांक्षा त्यांना या वर्गात जडली. गुरूच्या हस्ताक्षराचेसुद्धा ते अनुकरण करीत. राजनारायणांचा स्वर निराळा आहे. गुरूच्या रसिकतेविषयी ते हातचे राखून लिहीत नाहीत. विद्यार्थ्यांनी नाटके पाहावी असा गुरूंचा आग्रह असे, हेही ते सांगतात. पण त्याच आत्मचरित्रात त्या काळच्या कॉलेजातील तरुणांचे, आणि स्वतःचेही, मद्यपान ते उघड करतात. मद्य पिणे हे सुधारलेपणाचे लक्षण मानले जाई, आणि त्यापायी राजनारायण स्वतः आजारी पडले. पुढे मेदिनीपूरला मुख्याध्यापक असताना त्यांनी मद्यपाननिवारणाची सभा काढली. त्याच वर्गातले तिसरे विद्यार्थी भूदेव मुखोपाध्याय. ते शाळाखात्यात मोठ्या पदास चढले, बिहारमध्ये हिंदीला कचेऱ्यांत स्थान मिळावे म्हणून झटले, आणि हिंदू कुटुंब व समाज यांची बाजू मांडणारे निबंध लिहून गेले. एका बाकावरच्या तिघांत एक ख्रिस्ती, एक ब्राह्म व एक आचारनिष्ठ हिंदू!

रिचर्डसन यांच्याविषयीही शेरा लिहिला गेलाच. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष बेथून यांनी १८४९ च्या सुमारास त्यांच्या खाजगी वागणुकीविषयी आक्षेप घेतला आणि त्यांना कॉलेज सोडावे लागले. पुढे १८५३ साली एका गणिकेच्या मुलास हिंदू कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून शहरातील प्रतिष्ठित हिंदू खवळले. त्यांनी हिंदू मेट्रोपॉलिटन कॉलेज ही वेगळी संस्था काढली आणि तिच्या प्रमुखपदी बसविले ते याच रिचर्डसन यांना. आईच्या चारित्र्यासाठी मुलाला वर्ज्य करणाऱ्यांना गुरूच्या चारित्र्यावरचा शेरा आड आला नाही. या बेथूनसाहेबांचा आणखी एक उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मधुसूदनांचे इंग्रजी काव्य १८४९ साली निघाले, ते वाचून बेथून यांनी सल्ला दिला की, ही प्रतिभा मातृभाषेस वाहावी. 'मेघनादवध' हे महाकाव्य १८६१ साली बंगालीत अवतरले. गुरूने दिलेली काव्यदृष्टी आणि गुरूला दूर करणाऱ्याने दाखविलेली वाट, या दोहोंचे ऋण त्या काव्यावर आहे.

मग ऐकावे कोणाचे? आम्हांस असे वाटते की शिष्यांची मते भिन्न आहेत हेच त्यांच्या साक्षीचे बळ आहे. ठरवून दिलेली साक्ष एकसारखी असते. धर्म, आचार, राजकारण यांत ज्यांचे पटत नव्हते, ज्यांना गुरूचे दोष दिसत होते, अशी माणसे चाळीसपन्नास वर्षांनी जेव्हा एखाद्याच गोष्टीवर एकवटतात, तेव्हा ती गोष्ट खरी धरून चालावे. डिरोझिओंविषयी ती गोष्ट सत्यनिष्ठा ही आहे; रिचर्डसन यांच्याविषयी, त्यांनी काव्य कानांना ऐकविले ही. आणि नवल हे की, या दोन्ही गोष्टींविषयी दप्तरात प्रश्नच विचारलेला नाही. व्यवस्थापकांनी डिरोझिओंविषयी ईश्वर विचारला, आईबाप विचारले, विवाह विचारला. ही मुले पूर्वीपेक्षा कमी खोटे बोलतात काय, हे कोणी विचारले नाही. शेरा खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो चुकीच्या रकान्यात भरलेला होता.

आपल्याकडेही हा काळ निराळा नव्हता. डिरोझिओंच्या मृत्यूनंतर अकराच दिवसांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. तेही तेव्हा विशीतलेच होते. आणि राजनारायण बसूंचे दौहित्र अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदे संस्थानच्या सेवेत राहून तेथील कॉलेजात इंग्रजी शिकवीत होते. रिचर्डसन यांच्या वर्गातील वाचनाचा धागा असा पश्चिम हिंदुस्थानापर्यंत आला.

हिंदू कॉलेजाचे १८५५ साली प्रेसिडेन्सी कॉलेज झाले आणि २०१० साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. व्यवस्थापकांच्या त्या बैठकीचे इतिवृत्त अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही. एप्रिल १८३१ मध्ये तो कागद लिहिणाऱ्यांना आपण एका उपद्रवी शिक्षकाचे प्रकरण निकालात काढले असे वाटले असेल. त्याच वर्षी त्या शिक्षकाचा एक विद्यार्थी सर्वेक्षण खात्यात रुजू झाला. बारा वर्षांनी तो डेहराडूनच्या मजुरांसाठी दंड भरावयाचा होता. ते प्रकरण खरोखर निकालात निघाले ते तेथे.